उसने की दिलेले

दि. ६ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

ताईचे आशीर्वाद. गोदामातली चाळीस माणसं तुला साहेब म्हणतात, तेव्हा ढब्बू म्हणणं आता शोभत नाही हे मला कळतं. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं की शाळेचा निकाल लिहिल्यासारखं वाटतं. म्हणून ढब्बूच.

मी मजेत आहे. अक्षर बघून हसू नकोस. डावा हात अजून पहिलीत आहे. लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या रोलरनं चादरीबरोबर आत ओढल्यापासून उजवा आहे तसाच आहे. माझ्यासोबत राहतो, खातो-पितो, कामाला मात्र लागत नाही. प्रत्येक घरात असा एक असतोच, आमच्याकडे हा आहे.

फोन करता आला असता, पण फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतोस, मी "हो" म्हणते, तू "बरं मग" म्हणतोस आणि संपतं. लिहिताना निदान तू मध्ये बोलत नाहीस.

एक सांगायचं होतं. या महिन्यापासून मला पैसे पाठवू नकोस. रागावून लिहीत नाही. माझं छान भागतंय. हातासाठी मिळतो तो सरकारी भत्ता वाढलाय. वॉशिंग मशीनचे हप्ते थकले होते ना, त्याचंही मार्गी लागलं. वाचनालयात आठवड्यातून एकदा एक मुलगी बसते, लोकांच्या कर्जाचा हिशोब लावून देते, फुकट. तिनं माझी सगळी बिलं टेबलावर पसरली. आधी भाडं, मग वीज, मग बाकीचे, असं सगळं रांगेत लावलं. मशीनच्या कंपनीला पत्र लिहिलं की बाईंना भत्त्यातून महिन्याला इतकंच जमेल, आणि वसुलीला माणूस घरी पाठवायचा नाही. त्यांनी मुकाट्यानं मान्य केलं. मी वर्षभर दाराआड श्वास रोखून बसत होते, ते तिनं एका पानात उरकलं.

ते मशीन घेतलं म्हणून तू मला वेड्यात काढलं होतंस. एका हातानं चादर पिळून बघ, मग बोल.

वसुलीवाला बिचारा वाईट नव्हता. दर गुरुवारी यायचा. सुरुवातीला मी दार उघडत नसे, मग उघडायला लागले. त्याला कायम सर्दी. "ताई, मला वर उत्तर द्यावं लागतं हो," म्हणायचा आणि रुमाल शोधायचा. शेवटी शेवटी मी त्याला चहा द्यायचे आणि तो चहा पिऊन पैसे न घेता जायचा. आता तो येत नाही. सुटले म्हणायचं. फक्त गुरुवारी कान उगाच दाराकडे लागतात.

तर पैसे नकोत. मुलीच्या क्लासला लाव ते. तुझ्या बायकोला सांग, पाठवलेला स्वेटर बसला, डाव्या बाहीत हात लगेच जातो.

सगळं ठीक आहे.

तुझी ताई

•

दि. २१ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

आशीर्वाद नंतर देते. आधी एक सांग, तुला साधं वाक्य कळत नाही का रे? पाठवू नकोस म्हटलं तर दुप्पट पाठवलेस! आणि खाली लिहिलंस, "लपवतेस काय". आईनं एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की तू तीच दोनदा करायचास, तो तसाच राहिलास.

आता खरं ते लिहिते. भत्ता वाढलेला नाही. भत्ता जायच्या वाटेवर आहे आणि तो तुझ्या प्रेमापायी चाललाय.

जानेवारीत मला भत्ता कचेरीत बोलावलं होतं. दरवर्षी बोलावतात, हात अजून तसाच आहे की रातोरात बरा झाला ते बघायला. यंदा मात्र हाताकडे कुणी बघितलंच नाही. खिडकीवरच्या बाईंसमोर माझ्या बँक खात्याचे कागद होते आणि तू दर महिन्याला पाठवतोस त्या रकमेखाली त्यांनी लाल रेघा मारल्या होत्या. पैशांसोबत तू जे शब्द लिहितोस, तेही छापून आलेले. त्या बाई एकेक मोठ्यानं वाचू लागल्या. "चपला. पंखा. औषध. भांडू नकोस." माझ्यामागे रांग होती, रांगेतले लोक ऐकत होते. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "'गप घे', हे कशासाठीचे पैसे?"

मी म्हटलं, "गप घेण्यासाठीचे."

मागचा एक म्हातारा खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. पण त्या वाईट नव्हत्या रे, त्यांनी मला वाट काढून दिली होती. म्हणाल्या, "हे उसने घेतलेत की दिलेत? उसने असतील तर ते कर्ज, ते आम्ही धरत नाही. नुसते दिले असतील तर ते तुमचं उत्पन्न. मग तेवढा भत्ता कमी होणार."

शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? आणि मी काय म्हटलं? मान ताठ करून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "उसने कसले? भाऊ आहे माझा. परत मागायला तो काय सावकार आहे?"

बाईंनी लिहून घेतलं. "परत करावयाचे नाहीत." खाली सही करायला सांगितली. मी डाव्या हातानं अगदी ऐटीत सही केली. बाहेर आले तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की बस न घेता चालत घरी आले. त्या लोकांना दाखवून दिलं ना, की मला भाऊ आहे. घरी जिना चढताना डोक्यात उजेड पडला आणि मी तिथेच पायरीवर बसले.

म्हणून मागचं पत्र लिहिलं. म्हटलं, पैसे यायचे थांबले तर कदाचित विसरतील. तर तू दुप्पट पाठवलेस, आणि माझं खातं तर ते तपासतच होते. परत बोलावणं आलं. आता म्हणतात, पुढच्या महिन्यापासून भत्ता निम्म्यावर, शिवाय वर्षभर जास्त दिला तो दर महिन्याला कापून घेणार. उरेल त्यात भाडं बसत नाही. घरमालक तसा सभ्य आहे, पण दोन महिन्यांच्या वर त्याची सभ्यता टिकत नाही, वरच्या मजल्यावरच्यांचं सामान मी जिन्यात बघितलंय. ही खोली गेली तर दुसरी मला कोण देणार? एक हात, भत्ता आणि थकबाकी, हे ऐकल्यावर लोक दारातूनच नमस्कार करतात.

वाचनालयातल्या मुलीला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. तिनं विचारलं, "तुमच्या मनात ते पैसे परत द्यायचे होते का?" मी म्हटलं, "अगं, मनातल्या मनात मी ते रोज देते." ढब्बू, हे खरं आहे. तुला कधी बोलले नाही, कारण तू चिडला असतास. पण पहिल्या महिन्यापासून मी ते उसनेच धरलेत. हात बरा झाला की देईन, असं धरलं होतं. मग हात बरा होणार नाही असं कळलं, तरी धरूनच ठेवलं.

ती म्हणाली, मग तेच खरं ते सांगा. एक छापील अर्ज आहे. त्यात तू लिहायचंस की हे पैसे तू बहिणीला उसने दिलेस आणि जमेल तेव्हा ती परत करणार आहे. खाली तुझी सही. पंधरा मार्चच्या आत तो कचेरीत पोचला की भत्ता वाचतो.

मला माहीत आहे, तुझ्या नाकाला हे झोंबणार. बहिणीला कर्जदार ठरवून सही करायची. पण माझ्यासाठी कर.

आणि ही सही तुला इथे येऊन, कचेरीत त्या बाईंसमोर करावी लागेल. तसा नियम आहे. तेव्हा सुट्टी काढ.

तोपर्यंत एक पैसा पाठवू नकोस. चपलासुद्धा नाही.

तुझी, सध्या उत्पन्न असलेली,
ताई

•

दि. ५ मार्च

ढब्बू,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. दूध उतू गेलं, ते जाऊ दे. तू म्हणालास, "ताई, सुट्टी बिनपगारी पडेल. मोठे साहेब कुरकुरताहेत. पोस्टानं नाही का चालणार?" मी म्हटलं, "नाही, समोरच सही लागते." मागून तुझी मुलगी कसलीशी वही मागत होती. मग म्हणालास, "बरं, अकरा तारखेला येतो."

फोन ठेवल्यावर मी काय केलं सांगू? खिडक्या पुसल्या. खालच्या शिंपीणबाईंकडून गादी मागून आणली. त्यांचा मुलगा वर आणून देतो म्हणाला, पण मला तेवढाही धीर नव्हता, हनुवटी आणि डावा हात लावून मीच ओढत आणली. तुझ्यासाठी टॉवेल वेगळा काढून ठेवला. शिंपीणबाईंनी विचारलं, "कोण येतंय?" मी म्हटलं, "माझा भाऊ." मग जिन्यात जो भेटला त्याला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. औषधाच्या दुकानात सांगितलं. त्यानं विचारलंही नव्हतं.

काल वाचनालयात गेले. ती मुलगी म्हणाली, "तुमच्या भावाचा अर्ज पोस्टानं आला की इकडेच आणा, मी तपासून देते." मी मान हलवली आणि निघून आले. रस्त्यावर बाकावर बसले, खूप वेळ.

तर ऐक. अर्ज पोस्टानं चालतो. पहिल्या दिवसापासून चालत होता. समोर सही करायचा नियम कुठल्याही कचेरीचा नाही, तो माझा आहे. मीच केला.

पत्रात ते वाक्य लिहिताना हात एकदा थांबला होता. म्हटलं, एकदाच. एकदा येऊन जाऊ दे, मग कबूल करू, हसण्यावारी नेऊ. तुझी बिनपगारी सुट्टी माझ्या हिशोबातच नव्हती. दुसऱ्याच्या पैशावर जगायची सवय झाली की हे असं होतं, आपल्या हौसेचे पैसे कुणाच्या खिशातून जातात ते दिसेनासं होतं. मला माझी लाज वाटली. म्हणून कोरा अर्ज या पत्रासोबत पाठवते आहे. जिथे फुल्या केल्यात तिथे सही कर आणि लगेच टाक, पंधराच्या आत पोचेल. अकराची सुट्टी रद्द कर. मोठ्या साहेबांशी वाकडं घेऊ नकोस. तुला मुलगी आहे.

आता हे लिहितेच आहे तर सगळंच लिहिते.

माझा अपघात झाला तेव्हा तू दर दोन-तीन आठवड्यांनी यायचास. जेवण करपवायचास, माझ्या वेणीची दोरखंडासारखी गाठ घालायचास, रात्रभर घोरायचास. मग तुला बढती मिळाली आणि तू पैसे पाठवायला लागलास. पैसे यायला लागले आणि तू यायचा बंद झालास. मी तुला दोष देत नाही रे. तुला वाटलं असेल, आता ताईचं भागतंय. भागतही होतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी बँकेत जायचे ते पैसे काढायला नाही, तू काय लिहिलंयस ते वाचायला. एका महिन्यात तू काहीच लिहिलं नव्हतंस, घाईत असशील. मी खिडकीवरच्या माणसाला दोनदा बघायला लावलं. तो म्हणाला, "बाई, रक्कम बरोबर आहे." त्याला काय सांगणार?

त्या कचेरीत बाई ते शब्द वाचत होत्या ना, तेव्हा सगळी रांग कान देऊन ऐकत होती आणि मला मात्र वाटत होतं, वाचत राहा. कुणीतरी तुझं बोलणं मोठ्यानं म्हणत होतं. म्हणूनच मी तसं ताठ्यात बोलून बसले. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं मिरवायला.

दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही, ढब्बू. मशीन चालू असलं की त्याच्या आवाजात मी बोलते, म्हणजे शेजारच्यांना वेडी वाटू नये. स्वच्छ कपडेसुद्धा धुते कधीकधी. विजेचं बिल त्यामुळेच वाढतं, हे त्या मुलीला मी सांगितलेलं नाही.

गादी उद्या परत देईन. लोकांना सांगेन, भावाला सुट्टी मिळाली नाही. त्यात फारसं खोटं नाही.

अर्ज नीट भर. रक्कम लिहायच्या रकान्यात अंदाज लिहू नकोस, पुरती लिही, मला कमी-जास्त नको. "परतफेड कधी" असं विचारलंय, तिथे "जमेल तेव्हा" लिही. ती मुलगी म्हणते, यादीत घरच्यांचं देणं सगळ्यात शेवटी धरतात, कारण घरचे थांबतात.

सोबतच्या पाकिटावर कचेरीचा पत्ता घातलाय, तिकीट लावलंय. तुला फक्त पेटीत टाकायचंय. टाकलंस की कचेरीचं काम झालं, भत्ता वाचला, खोली वाचली. पोस्टानं आलेली सही कचेरीला चालते.

मला चालत नाही.

ताई