चांदणीवाले शब्द

१२ जाने. ८६, रवि.
रशियन क्लासच्या सरांनी आज एकेकाला एकेक क्रियापद दिलं. मला आलं ‘सुशीत्’. म्हणजे सुकवणे. कुठून आलं, कुठल्या कुठल्या भाषांत गेलं, ते वहीत लिहून ३१ ला द्यायचं. ज्याची वही चांगली त्याचं नाव मॉस्कोच्या कोर्सला. वर्षभराचा. एकच नाव जाणार.
घरी सांगितलं. दादा म्हणाला, “एफ.वाय. सोडलंस, टायपिंग सोडलंस. हे पण सुटलं की तीन तारखेपासून गुपचूप माझ्याबरोबर साकीनाक्याला, वर्कशॉपमध्ये.”

१५, बुध.
सरांच्या घरी, पार्ल्याला. तिथेच बसून शब्दांच्या व्युत्पत्तीचा जाडा कोश बघितला. काही शब्दांपुढे चांदणी. गाईडमध्ये असते तशीच, म्हणजे आयएमपी. बरं झालं, सगळं उतरवायला नको. चांदणीवालेच घेतले. मूळ स्लाव्ह ‘सुशिती’. त्याच्या मागे ‘सुखू’, म्हणजे कोरडा. त्यांच्यात सुख कोरडं. मग बल्गेरियाच्या नकाशात अडकलो. दुपार गेली.

१९, रवि.
वहीला हात नाही. वेसाव्याहून तरीने खाडी ओलांडून मढला, टायपिंगमधल्या मोऱ्याकडे. त्याची आई वलांडीच्या, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूच्या मांडवाच्या, दोरीवर बोंबील अडकवत होती, दोघादोघांचे जबडे एकमेकांत घालून. म्हटलं, रशियात सुकवण्याला सुशीत् म्हणतात.
“मंग? आमी बी सुकवताव. त्यासाठी येवरं लांब कशाला जातस?”
मोऱ्या हसत सुटला. मला हसू आलं नाही. सुकणे, सुकं, संस्कृत शुष्. नातं असणार काहीतरी. सरांना विचारायचं. तीनपर्यंत बोंबीलच अडकवत बसलो.

२४, शुक्र.
सरांना वही दाखवली. पाच पानं.
“रशियन कुठाय? पोलिश? चेक?”
“त्यांना चांदणी नव्हती, सर.”
“चांदणी म्हणजे काय वाटलं तुला?”
“आयएमपी.”
मागे कोणीतरी फिसकन हसलं. सर नाही हसले. म्हणाले, चांदणी म्हणजे हा शब्द कुठेच लिहिलेला सापडत नाही. मुलांची तोंडं बघून बापाचं नाक कसं असेल ते ठरवायचं, तसा अंदाज. “जिवंत होते तेवढे सगळे गाळलेस रे.”
पूर्ण वाट लागली. सात दिवस उरले.

२९, बुध.
परत पहिल्यापासून. रशियन सुशीत्, पोलिश सुशिच, चेक सुशित, बल्गेरियन सुशा. ‘ख’ चा ‘श’ का होतो ते दोनदा लिहून दोनदा खोडलं. आपलं सुकणे वेगळ्या पानावर. सर म्हणाले, ते सुशितीचं मूल नाही, चुलत. दोघांचा आजा एक, तोही चांदणीवाला.
डोळे चुरचुरतात. दादा कामावरून आला, म्हणाला, “अजून चाललंय?” रागाने नाही. बूट काढायचंही त्राण नव्हतं त्याला. मलाही नाही.

३१, शुक्र.
वही दिली. सरांनी उभ्याउभ्याच सगळी वाचली. मग ड्रॉवरमधून फॉर्म काढला. “तुझं नाव टाकतो. एकवीसच्या आतला आहेस, मंगळवारपर्यंत घरच्यांची सही आण. वर्षभर टिकशील ना?”
हो म्हणालो. फार पटकन म्हणालो.

२ फेब्रु., रवि.
जेवण झाल्यावर दादाला फॉर्म दिला. हात पुसून त्याने दोन्ही बाजू वाचल्या.
“वर्कशॉपच्या साहेबाला शब्द दिलाय मी. उद्या आठला घेऊन ये म्हणालाय.”
वहिनी म्हणाली, “वाचलंत ना? मग करा की सही.”
“आणि हा महिन्याभरात परत आला तर?”
“आला तर आला. घर आहे ना.”
दादाने माझं पेन मागितलं. टोपण काढून बसून राहिला. मग म्हणाला, “तिकडे जेवायला काय देतात रे?”
सरांना बाकी सगळं विचारलं, हे विचारलंच नाही.
अजून तसाच बसलाय. पेन त्याच्याकडे, म्हणून हे पेन्सिलीने.