दाणावैरणीचं कलम आणि माझा अर्धा हक्क

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेली नकाशाकार, दोन मुलांची आई, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा लाडीगोडीने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने आणि बऱ्याच वैतागाने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वी असा दस्त मी केलेला नाही. ‘बऱ्याच वैतागाने’ हे शब्द काढा, असं वकीलबाईंनी सुचवलं. मी काढणार नाही. मी शुद्धीवर असल्याचा तोच पुरावा आहे.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. काळजीचं काही कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग थोड्या वेळाने, मी विचारलं नसताना, पुन्हा म्हणाले. घरी आल्याबरोबर मी कागद काढला.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरचं राहतं घर माझ्या थोरल्या मुलीला मिळावं. धाकट्याचं स्वतःचं घर आहे आणि ते लिफ्टचं आहे. बाहेरच्या खोलीतलं मोठं टेबल घराबरोबरच जाईल, कारण ते दारातून निघत नाही. आमच्या ह्यांनी ते सुताराकडून आतच जोडून घेतलं. चार नद्या ओलांडून फौजा नेण्याचे बेत आखणाऱ्या माणसाने घराचं दार मोजलं नव्हतं. माझा सगळा संसार त्या टेबलाला वळसा घालून झाला. मुलीला हवं असेल तर तिने ते करवतीने कापावं, माझी हरकत नाही.

कलम २. बचत. बँकेत जे असेल ते दवाखान्याचं बिल भागवून दोघांना सारखं. त्यावर चर्चा नको.

कलम ३. हत्यारं. माझी रेखणीची पेनं, पोलादी पट्ट्या आणि कंपासपेटी जावयांना. पेटीतलं अर्धं सामान तसंही त्यांच्याकडेच आहे. ‘आत्ता देतो’ म्हणून नेतात आणि त्यांचं ‘आत्ता’ काही येत नाही. उरलेलंही न्यावं म्हणजे एकदाचा विषय संपेल.

कलम ४. खेळ. पुढची कलमं परक्या माणसालाही कळावीत म्हणून खुलासा करते. ‘चार नद्यांची मोहीम’ हा युद्धाचा पटखेळ आम्ही नवरा-बायकोने मिळून केला. टेबलभर नकाशा, शेकडो सोंगट्या, आणि एक मोहीम संपायला कित्येक रविवार. लढायांचे नियम ह्यांचे. नकाशा माझा. नद्यांचे उतार, घाट, बैलगाडी कुठून जाईल आणि कुठे रुतेल, हे सगळं माझं. आणि दाणावैरणीचं कलम माझं. ते असं: फौज हलवण्याआधी तिला जेवू घालायचं. बरोबरच्या गाड्यांतलं संपलं, की ती ज्या गावात उभी आहे तिथलं खायचं. खाल्लं, की त्या गावाची चकती उलटी करायची. पाठ राखाडी. दोन हिवाळे ती सुलटी होत नाही, आणि तोवर तिथे ना फौजेला काही मिळत, ना गावाला.

खेळ गाजला. डब्यावर ह्यांचं नाव ठळक अक्षरांत आलं आणि मला ‘नकाशा साहाय्य’ या दोन शब्दांत गुंडाळलं. मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, “अगं, जागाच उरली नाही.” डब्यावर घोड्याच्या शेपटीला वीतभर जागा होती! माणूस गेला, राग काही गेला नाही. गेला असं लिहिलं तर खोट्या दस्ताचा गुन्हा होईल.

कलम ५. सरसेनापती. हे आमच्या ह्यांचे मित्र, व्यवसायाने दातांचे डॉक्टर. सरसेनापती हे नाव त्यांनी स्वतःला स्वतःच दिलं. रविवार कधी चुकवला नाही आणि मोहीम कधी जिंकली नाही. माझ्या कलमाला ते पहिल्यापासून ‘वहिनींचा स्वयंपाक’ म्हणतात. “वहिनी, बैलांना चारा घालण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं,” असं परवाही म्हणाले. मी म्हटलं, “मग भावजी, उरलेल्या अर्ध्यात तरी कुठे दिवे लावलेत?” शिंक आल्याचं सोंग करून सोंगटी पुढे सरकवतात, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. घोडदळाच्या सगळ्या सोंगट्या, पत्र्याच्या डब्यासकट, त्यांना द्याव्यात. माझी शोकसभा झालीच तर त्यांना बोलायला उभं करू नये. ते बसत नाहीत.

कलम ६. त्या टीव्हीवरच्या युद्धतज्ज्ञांना काहीही देऊ नये. माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच हातचा चहा पीत ते म्हणाले होते, “खेळ उत्तम, पण बाई, बैल एवढं खात नाहीत.” त्यांनी बैल कधी पाळला आहे का, हे विचारायचं राहून गेलं. कोणी भेटलं तर विचारावं.

कलम ७. खेळाचा अर्धा हक्क. सगळ्या मृत्युपत्राचं कारण हे कलम आहे, म्हणून वकीलबाईंनी कितीही घड्याळ पाहिलं तरी मी सविस्तर लिहिणार आहे.

खेळाचा हक्क आम्हा दोघांचा निम्मा निम्मा. ह्यांचा निम्मा ते गेल्यावर धाकट्याकडे गेला. माझा माझ्याकडे आहे. दोन्ही बाजूंच्या सह्या असल्याशिवाय नियमातला एक शब्दही बदलता येत नाही. धाकटा संगणकावरचे खेळ करणारी कंपनी चालवतो. त्याने आमचा खेळ संगणकावर घेतला, नकाशा माझा जसाच्या तसा ठेवला, आणि समोरच्या बाजूने खेळायला एक यंत्र तयार केलं. आपले आपण नियम वाचतं, स्वतःशीच हजारो डाव खेळून शिकतं. पुढचे सगळे युद्धखेळ असेच असणार, असं तो म्हणतो. असोत. माझी त्याला ना नव्हती.

गेल्या महिन्यात तो तोंड पाडून आला. “आई, यंत्र लढतच नाही.”

“म्हणजे?”

“पहिला हिवाळा आला की फौजा घरी पाठवून देतं. नद्यांपर्यंत येतं, गावं मोजतं आणि परत फिरतं. महिनाभर डोकं आपटतोय. काहीतरी बिघाड आहे.”

“बिघाड कसला रे? कलम कळलंय त्याला!”

“आई, ऐक ना. दाणावैरण काढली की मस्त लढतं. पैसे लावणारे म्हणतात, ते कलमच काढा. लोकांना जिंकायचं असतं गं, स्वयंपाक नाही करायचा.”

मी कपाळावर हात मारला. घोड्यांचे रंग बरोबर, तोफांचा धूर बरोबर, शिपायाच्या अंगरख्याची बटणं मोजून बरोबर, आणि पोट मात्र कोणालाच नाही! याला हे लोक जाहिरातीत ‘हुबेहूब इतिहास’ म्हणणार. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझे नियम शेवटपर्यंत वाचले, आणि ते नेमकं यंत्र निघालं. त्याला कोणी शहाणं म्हणेना, तर दुरुस्तीला काढलं.

हे कलम मी पुस्तकातून घेतलेलं नाही. माझी आई लहान असताना तिच्या गावाबाहेर फौजेने तळ दिला होता. तिच्या बाजूचीच फौज, शत्रूची नव्हे. गोळी सुटली नाही, घर जळलं नाही, कोणी कोणावर हात उचलला नाही. ते फक्त जेवले. मग निघून गेले. त्या हिवाळ्यात आईच्या पाठची दोन्ही भावंडं गेली. कुठल्याही लढाईच्या आकड्यात ती नाहीत. हे मी धाकट्याला कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशीही सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर त्याने माझ्यावर दया केली असती, आणि मला दया नको होती, कलम हवं होतं. आता इथे लिहिते.

माझ्या सहीशिवाय त्याची बिनकलमाची आवृत्ती निघत नाही. ती निघाली नाही तर कंपनी बंद होईल असं तो म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही. तिथे कामाला असलेली माणसं मी पाहिली आहेत. एकीला आठवा महिना चालू आहे. थोरलीच्या नावे हक्क केला तर ती मरेपर्यंत सही देणार नाही. ती नगरपालिकेत पाणी सोडण्याचं वेळापत्रक सांभाळते आणि नगराध्यक्षांच्या मुलाच्या लग्नासाठीसुद्धा तिने नळाची वेळ बदलली नव्हती. मला मनातून तेच हवं आहे. पण मी गेल्यावर माझ्या हट्टापायी कामावरच्या माणसांच्या पोटावर पाय यावा, हे मला करवत नाही. त्या कलमाचा अर्थच मग काय राहिला?

म्हणून, माझा अर्धा हक्क धाकट्या मुलाला मिळावा. कोणतीही अट नाही. काढायचं असेल तर त्याने कलम काढावं. फक्त माझं नाव डब्यावर तेव्हा घालू नये. इतकी वर्षं नव्हतं, पुढेही नको. त्याने हक्क घेण्यास नकार दिला किंवा काही कारणाने त्याला तो घेता आला नाही, तर तो थोरलीकडे जावा.

मजकूर इथे संपला होता. पण सह्यांच्या वेळी जे झालं ते वकीलबाईंच्या सांगण्यावरून जोडत आहे.

साक्षीदार म्हणून तळमजल्यावरचे शिंपीकाका आणि त्यांच्या पत्नी येणार होत्या. पत्नींना ऐन वेळी मुलीकडे जावं लागलं. तेवढ्यात धाकटा दवाखान्याचे कागद घेऊन आला. मी चहा टाकायला आत गेले, तर या पोराने टेबलावरचा सगळा मजकूर वाचून काढला. बाहेर आले तेव्हा चष्मा काढून बसला होता आणि वकीलबाईंना विचारत होता, “साक्षीदार म्हणून मी चालेन का?”

“चालाल,” त्या म्हणाल्या, “पण साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुमच्या नावचं सगळं जाईल. बचतीचा वाटासुद्धा.”

“पेन द्या.”

मी ओरडले, “अरे, वेड लागलंय का तुला? कंपनीचं काय?”

“आई, कलम काढायला मी नाही म्हटलं तर पैसे लावणारे मला काढतील. ताई नाही म्हणाली तर ताईला कुठून काढणार? मग त्यांच्यापुढे कलमासकटचा एकच खेळ उरतो. तोच विकावा लागेल.”

“आणि यंत्र लढलं नाही तर?”

“परवा ऑफिसात सगळ्यांना एक पूर्ण डाव दाखवला. यंत्र परत फिरलं तेव्हा कोणी उठलं नाही. ते का फिरलं, हेच विचारत बसले. मला नीट सांगता आलं नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आता सांगता येईल.”

मी चहा त्याच्यापुढे ठेवला. थोरलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “वेडा आहे तो. सही मी देणार नाही, सांग त्याला.” मी म्हटलं, तेच तर हवंय त्याला. बचतीचा त्याचा वाटा मी उद्या बँकेत जाऊन स्वतःच्या हाताने त्याच्या खात्यात टाकणार आहे. जिवंतपणी मला अडवणारा साक्षीदार अजून जन्माला यायचा आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली.

ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली.
दिनांक: चौदा मार्च, शुक्रवार. वर्ष वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) तळमजल्यावरचा शिंपी. बाईंना पूर्ण शुद्धीवर आणि चिडलेल्या पाहिलं.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा मुलगा. सगळं वाचून, सही केल्यावर यातलं मला काही मिळणार नाही हे समजून, आणि आजीच्या त्या दोन भावंडांची नावं काय होती हे आईला विचारून घेतल्यावर.