रावसाहेबांची चाल

३ फेब्रुवारी, सोमवार

गेला एकदाचा घोडा पाण्यात! गेला आठवडाभर दाराशी नुसता उभा होता. पुढे ढकललं की मागे, मागे ओढलं की तिथेच. काचेच्या भिंती, खाली फिरणारा पट्टा, तळातून चढणारं पाणी — या यंत्राला कंपनीने लांबलचक नाव दिलंय. आबांनी पहिल्याच दिवशी त्याचा हौद केला. आता डॉक्टरही हौदच म्हणतात.

आज आबा स्वतः आधी आत शिरले, पट्ट्यावर उभे राहिले आणि घोड्याला म्हणाले, "हे बघ, मी बुडालो का?" पाणी सोडलंच नव्हतं! पण त्याला पटलं. आला मागोमाग. मग पाणी खुरांवर आलं तसा एकेक पाय असा उचलायला लागला, की जणू नवे कपडे घालून चिखलातून निघालेला कुणी बडा माणूस. आबा म्हणाले, "या रावसाहेब, या." नाव पडलं ते पडलंच.

५ फेब्रुवारी

रावसाहेब घोडेस्वारीच्या शाळेतला. लहान मुलांना पाठीवर घेऊन गोल फिरणं हे त्याचं काम. पुढच्या डाव्या पायाची शीर दुखावली होती. सूज उतरली, पण पायात जोर नाही. पाण्यात अंगाचा भार हलका होतो आणि पायांना मात्र पाणी कापत चालावं लागतं, म्हणून आमच्याकडे पाठवलाय. पाणी गुडघ्याच्या जरा वर, बस. त्याहून चढवलं की मान उंच करतो, पाठ खोल जाते, आणि करायला गेलो एक अन् झालं भलतंच. शाळेच्या बाईंना वाटतं, जितकं पाणी जास्त तितका गुण जास्त. "भरा की चांगलं काठोकाठ." घोडा धुवायचा नाहीये बाई, चालवायचा आहे. (हे मनात.)

मी काचेबाहेर स्टुलावर बसून पाय बघते. दिवसभर घोड्यांना पाण्यात पाहणं हाच माझा धंदा, आणि तरी माझं एकाही घोड्याशी वाकडं नाही. हा विनोद मी आबांना अधूनमधून ऐकवते. ते दर वेळी हसतात. बापच तो.

११ फेब्रुवारी

आज पाण्यात चालता चालता पेंगत होता. खालचा ओठ लोंबलेला. पट्टा बंद केला तर रागावला.

१९ फेब्रुवारी

पाण्यातून निघाला की पाय कोरडे करायचं काम आबांचं. खुरामागची खाच ओली राहिली तर कातडी फुटते. आबांना खाली बसवत नाही, म्हणून ते बादली पालथी घालून तिच्यावर बसतात आणि एकेक पाय फडक्याने टिपतात. रावसाहेब तेवढा वेळ आबांच्या टोपीवर हनुवटी टेकून उभा. टोपीची पार रया गेलीय. नवी आणू का म्हटलं तर म्हणाले, "त्याला ही सवयीची आहे."

आबांचा स्वतःचा डावा गुडघा कित्येक वर्षं कुरकुरतोय. त्याच्याबद्दल बोललं की त्यांना ऐकू येत नाही. घोड्याच्या पायाबद्दल बोललं की पागेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतं.

२६ फेब्रुवारी

डॉक्टर आले. रावसाहेबांची पाण्यातली चाल बघून खूश झाले. चारही पाय सारखे पडतात, पाठ छान हलते. मग म्हणाले, आता बाहेर चालवून दाखवा. आबांनी दोरी धरली, दोघं निघाले — आणि घोडा लंगडला. डावा पाय टेकला की मान वर, डावा टेकला की मान वर. पायाची सोनोग्राफी पुन्हा केली. शीर स्वच्छ, भरून आलेली. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात सरळ, जमिनीवर वाकडा. कमाल आहे."

शाळेच्या बाईंचा फोन आला. आणखी पंधरवडा वाट बघतील, मग डॉक्टर म्हणतील ते. "लंगड्या घोड्यावर लोकांची मुलं कशी बसवू मी? आणि काम नसेल तर ठेवू तरी कुठे? कुणाला तरी देऊन टाकावा लागेल."

आबा मागून म्हणाले, "मी घेतो." इतक्या पटकन!

१ मार्च

"ठेवणार कुठे त्याला, आबा?" इथली ठाणं दुखऱ्या घोड्यांसाठी. बरा झाला की घोडा जातो, दुसरा येतो. आमच्या म्हणाव्यात अशा वरच्या दोन खोल्या, त्याही नोकरी आहे तोवर.

"ठेवू कुठेतरी."

"स्वयंपाकघरात?"

"चालेल. तुझ्यापेक्षा कमी बोलेल."

हसले मी. पण मनात किडा शिरला तो शिरलाच.

५ मार्च

आज तोंडातून निघून गेलं. पाण्यात पुन्हा सरळ चालला, आणि बाहेर आबांच्या हातात दोरी आली की लागला लंगडायला. म्हटलं, "आबा, तुम्ही त्याला नीट चालू देत नाही. डॉक्टरांनी नापास करावा आणि तो तुमच्या पदरात पडावा, ही तुमची चाल आहे."

"काय म्हणालीस?" एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी जेवताना मीठ मागितलं तेही खिडकीकडे बघून. नंतर खरारा करताना रावसाहेबांशी बोलत होते, मला ऐकू येईल अशा बेताने. "आपल्याला काय, आपण म्हातारे. आपल्यावर कुणीही संशय घ्यावा."

६ मार्च

अबोला. चहा मात्र करून, झाकून ठेवलेला.

८ मार्च

वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली आबा त्याला ठाणावर नेत होते. मी एरवी काचेपाशी बसते, डोळ्यांसमोर फक्त घोड्याचे पाय. बाहेर चालवतानाही तेच, त्याच्या पायांवरून नजर हलत नाही. वरून आज पहिल्यांदा दोघं एकत्र दिसले.

आबांचा डावा पाय आखडतो, खांदा वर जातो. त्याच वेळी घोड्याची मान वर. आबा दम खायला थांबले, भिंतीला हात टेकला. तो थांबला. ना दोरी ओढली, ना फुरफुरला. आबा निघाले तसा निघाला, पुन्हा तसाच, पावलाला पाऊल. दोरी तर दोघांमध्ये सैल लोंबत होती.

तो लंगडत नाहीये. तो आबांबरोबर चालतोय.

ओला टॉवेल हातात धरून रडले. स्वतःची लाजही वाटली. माझ्या बापाच्या पावलाने चालणारं कुणी मी आजवर बघितलं नव्हतं. मी कायम चार पावलं पुढे, आणि मागे वळून "चला ना आबा, लवकर."

९ मार्च

सकाळी पाया पडायच्या बेताने गेले आणि आधी सगळं सांगून टाकलं. आबांना पटेना. "घोड्याला काय वेड लागलंय?" मग बराच वेळ कपातला चहा हलवत बसले. "मी इतका लंगडतो?"

जड गेलं. म्हटलं, "हो आबा."

"मला कुणी बोललं नाही."

"बोललं की ऐकू येत नाही तुम्हाला."

हसले! सुटला एकदाचा अबोला. मला म्हणाले, "अक्कल गहाण ठेवून बापावर संशय घेतलास." घेतला.

१२ मार्च

पागेच्या बोळात आबा एकटेच चालत होते. भिंतीला हात न लावता, ओठ घट्ट मिटून, सरळ चालायचा सराव! मला बघितल्याबरोबर झाडू उचलला, जणू केर काढायलाच आलेत.

म्हटलं, "ठेवून घ्यायचा होता ना त्याला? मग हे कशाला?"

"ते आपलं बोलून गेलो. त्याला पाठीवर पोरं लागतात. माझ्याकडे राहिला तर भिंतीकडे तोंड करून उभा राहील दिवसभर. तेवढं एकटा मी करतो ते पुरे आहे."

एवढं बोलून खरंच केर काढायला लागले. मला किती आवडतो हा माणूस, हे त्याला कधी सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

१५ मार्च

डॉक्टर आले, शाळेच्या बाई आल्या. आबांनी हट्टाने दोरी घेतली. पहिली काही पावलं दोघं अगदी सरळ गेले. मग आबांचा गुडघा आखडला. खांदा वर, मान वर. बाईंचा चेहरा पडला.

आबा वळले आणि डॉक्टरांना म्हणाले, "खोट त्याच्यात नाही साहेब, माझ्यात आहे. दोरी हिच्याकडे द्या."

डॉक्टर म्हणाले, "असं मी कधी वाचलेलं नाही." पण नाही म्हणाले नाहीत.

मी दोरी घेतली तर रावसाहेब हलेना! मान वळवून आबांकडे बघतोय. शेवटी आबा चाऱ्याच्या खोलीत गेले आणि आतून दार लावून घेतलं. तेव्हा कुठे निघाला. आधी चाल, मग डॉक्टर म्हणाले दुडकी. मी जिवाच्या आकांताने धावले, जाऊन आले, परत गेले. डॉक्टरांनी हात वर केला. "न्या याला. मुलं बसू देत." बाई त्याच्या मानेला गाल लावून उभ्या राहिल्या. मनातल्या मनात त्यांचे सगळे काठोकाठ हौद माफ केले.

चाऱ्याच्या खोलीत आबा पोत्यावर बसले होते. म्हटलं, "पास झाला."

"कळलं."

"दार तर लावलेलं होतं."

"ऐकलं ना. चारही सारखे पडले." मग टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मी शेजारच्या पोत्यावर बसून राहिले.

१७ मार्च

गेला. गाडीच्या फळीवरून आबांनीच चढवला. दोघंही लंगडत चढले. बाई घाबरल्या. म्हटलं, राहू द्या, एवढं शेवटचं.

२३ मार्च

आबा खाली उतरायला बघत नाहीत. म्हणून कामं आटोपली की त्यांना बाहेर काढते. थोडं फिरतो, दुकानाच्या पायरीवर बसतो, परत येतो. "मला काय रोज फिरवून आणतेस? हौदात सोड एकदाचं." म्हणजे आता बरे आहेत.

१० एप्रिल

डॉक्टर नव्या घोडीला बघायला आले होते. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, काल बाजारात तुम्ही दोघं पाठमोरे दिसलात. तुमचा डावा पाय कधीपासून दुखतोय?"

माझा पाय दुखत नाही.