कापसाच्या खोलीतला लॅपटॉप

१९ नोव्हेंबर २०१३, मंगळ.
दादाचा जुना लॅपटॉप आला. अकोल्याहून एस.टी.नं, वहिनीच्या साडीत गुंडाळून. विंडोज नाही, दादाच्या मित्रानं लिनक्स टाकून दिलंय. सरांच्या ऑफिसातही तेच, त्यामुळे थ्रीडीचा प्रोग्राम तोच चालतो.

लग्नाआधी मी अकोल्यात ज्या आर्किटेक्ट सरांकडे बंगल्यांचे व्ह्यू, म्हणजे थ्रीडी चित्रं, काढायचे, त्यांच्याकडे परत जागा आहे. म्हणाले, घरून जमलं तर घरून कर, नाही तर अकोल्याला ये. आधी एक बंगला नमुना म्हणून द्यायचा. गिऱ्हाइकाला स्क्रीनवर आतून फिरता आलं पाहिजे. संक्रांतीच्या आत.

यावर ग. (म्हणजे आमचे हे; एरवी यांना हो-नाही म्हणायला आठवडा लागतो) लगेच म्हणाले, "घरून जमलं तं कर, माही काई ना नाई. या डबड्यावर नाईच जमलं, तं मंग दादाकडं राहून कर. शनवारी घरी ये." सासूबाईंच्या समोर म्हणाले हे बरं झालं.

२१ नोव्हें., गुरु.
बंगला उघडला. माउस हलवला की तो जरा विचार करतो आणि मग वळतो, उन्हात बसलेल्या म्हशीसारखा. जिन्याजवळ गेलं की चित्र फाटतं, वरचा अर्धा जिना इकडे, खालचा तिकडे.

बसायला जागा एकच, मधली खोली. तिथे कापूस, पार माळ्यापर्यंत. भाव येईपर्यंत घर कापसाचं, आम्ही त्याच्याकडे भाड्यानं. पण प्लग तिथेच आहे, आणि शांतताही. ढिगाला टेकून बसले, लॅपटॉप पुढे कापसावरच ठेवला. गादीहून मऊ. अंग खाजतं तेवढं सोडलं तर झकास.

२४ नोव्हें., रवि.
स्क्रीनवरचा वरवरचा नखरा सगळा बंद केला. खिडक्यांच्या सावल्या, उघडताना येणाऱ्या लाटा, पारदर्शक पट्ट्या. साधा हलका डेस्कटॉप टाकला. त्यासाठी नांदगावला कॅफेत जाऊन पेन ड्राइव्हवर भरून आणावं लागलं, इथे नेटचं डोंगल फक्त गच्चीवर चालतं.
फरक: खिडक्या पटापट उघडतात. बंगला जसाच्या तसा.

२८ नोव्हें., गुरु.
ग. बियाण्याच्या कामानं अमरावतीला निघाले होते, मी सोबत गेले. दुरुस्तीच्या दुकानात सलीमभाईंनी लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला. "कुछ नहीं होता इसका, मॅडम. नया ले डालो." नवा घ्यायचा असता तर इथे कशाला आले असते! शेवटी त्यांनी एका मेलेल्या लॅपटॉपमधली रॅम काढून यात घातली. फाइल आता लवकर उघडते. वळायचं म्हटलं की म्हैस तीच.

येताना ग. म्हणाले, "सलीमभाई म्हन्ते नाई होत, तं राहू दे ना." मी म्हटलं, "राहू दे म्हंजे अकोल्याले जाऊ?"

३ डिसें., मंगळ.
आज सापडलं. एक आज्ञा आहे, टाइप केली की चित्र नेमकं कोण काढतंय ते सांगते. उत्तर: ग्राफिक कार्ड काही करतच नाहीये. सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढतो. म्हणजे घरात गडी बसून, आणि मालक एकटा निंदतोय अख्खं वावर! दोन आठवडे मी मालकाला चांगलं जेवायला घालत होते.
आता गड्याला कोणी बसवून ठेवलं ते शोधायचं.

६ डिसें., शुक्र.
दादाच्या मित्राला फोन. आधी आठवेना, मग म्हणाला, हो हो, लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडत होती, म्हणून सुरुवातीच्या ओळीत 'नोमोडसेट' असा शब्द घातला होता. कार्डाला हात लावू नको, असा त्याचा अर्थ. काम झालं आणि काढायचा राहिला. "काढून पाहा, पण काळी पडली तर मला बोल लावू नका ताई."

काढला. चालू केला. काळी.

दादाला काय सांगू, सरांना काय सांगू. बंद-चालू, परत काळी. खिडकीतून तिरपं ऊन आलं तेव्हा दिसलं की काळ्यात अगदी पुसट अक्षरं आहेत. स्क्रीन मेली नव्हती, फक्त तिचा उजेड शून्यावर गेला होता. उजेड वाढवायचं बटण दाबलं आणि सगळं लख्ख!

बंगला उघडला. वळला! मी म्हणेन तिकडे, म्हणेन तेव्हा. जिना अखंड. मी एकटीच मोठ्यानं "आहा!" म्हणाले. सासूबाई दारातून, "काय झालं वं? साप हाये का?"

७ डिसें., शनि.
कालचा आनंद पाव तास टिकणारा होता. पाव तास छान फिरतो, मग हळू होतो, मग रुततो. बंद करून ठेवला की परत पाव तास. तापतोय.

सासूबाई कापूस सारखा करायला आल्या, लॅपटॉप उचलला आणि जवळजवळ फेकलाच. "अवं, हे तं तव्यावानी तापलं! कापसात इस्तू घेऊन बसली का तू? पेटन ना घर!" मधल्या खोलीत त्या दिवा नेऊ देत नाहीत, ग. ना बिडी घेऊन पाय टाकू देत नाहीत. आणि मी पंधरा दिवस हा निखारा कापसावर ठेवून बसले होते. लॅपटॉपची आणि माझी रवानगी ओसरीत.

९ डिसें., सोम.
मागचं झाकण उघडलं. पंख्यापुढे जाळी असते, तिला चिकटून कापसाची गादी बसलेली, दाबून भरल्यासारखी. हवा जाणार कुठून? लॅपटॉप मऊ कापसात रुतवायचा आणि पंख्यानं तो कापूस आत ओढायचा, असा आमचा कारभार चालला होता. दादा फोनवर हसून हसून खोकला. "वैशू, कापसावर? अकोल्यात सांग्तो हे सगळ्यायले." सांग बाबा.

गादी चिमट्यानं अख्खी निघाली. सासूबाईंनी तळहातावर घेऊन उलटून पाहिली. "धुतली तं वात होईन." आणि खरंच घेऊन गेल्या.

आता खाली फळी, फळीखाली दोन ठोकळे. तास झाला तरी थंड.

१३ डिसें., शुक्र.
बारीकसारीक. दिवसा लाइन जाते, बॅटरीवर तो आपोआप मंद चालतो. ती सेटिंग बदलली. बंगल्याच्या अंगणात पानं-पानं असलेली झाडं लावली होती, एकेका झाडाला अख्ख्या बंगल्याइतकं ओझं. ती काढून साधी लावली. दुरून कळत नाही.
सोयाबीन पावसानं काळं पडलं, कापूस घरात अडकलाय, आणि मी झाडांची पानं कमी करतेय. ग. येता-जाता पाहतात.

१८ डिसें., बुध.
झालं. कुठेच अडकत नाही. फाटकापासून आत गेले, बैठक, स्वयंपाकघर, जिना, वरच्या दोन खोल्या, गच्ची, परत खाली. सगळे दिवे लावून. पाण्यासारखा.

आणि मला आनंद झाला नाही.

थकवा असेल म्हणून चहा करून घेतला, थकवा नव्हता. वाईट वाटत होतं. सरळ वाईट.

१९ डिसें., गुरु.
काल लिहायला जमलं नाही ते. मी मनात कधीच अकोल्याला पोचले होते. कोणत्या साड्या न्यायच्या, कोणत्या ठेवायच्या, ते ठरलंय. दादाकडे मागची खोली. सकाळी चालत ऑफिसला. चार वाजता सगळे एका टेबलाशी, कोणाचा जिना चुकलाय यावर भांडण, सरांचं "वैशाली, इकडे ये, हे बघ." लग्नानंतरच्या चार वर्षांत माझ्या कामावर माझ्याशी कोणी भांडलेलं नाही. इथे सगळे चांगले आहेत, पण कामातलं कळत कोणालाच नाही.
महिनाभर राबून मी जे दुरुस्त केलं, त्यानंच माझं जाणं बंद केलं. चालला नसता तर कोणाला काही सांगावंच लागलं नसतं.

ग. नी जेवताना विचारलं, "चालला का तुहा लॅपटॉप?" मी म्हटलं, "पाह्यतो अजून." खोटं नाही म्हणता येणार. खरंही नाही.

२५ डिसें., बुध.
ग. नी टेबल केलं. जुन्या दाराची फळी, खाली चार पाय, वायर जायला मागे भोक. ओसरीत खिडकीशी मांडलं. बसून दाखवलं, उंची विचारली, पाय अर्धा इंच कापले. शेजारच्या काकांना म्हणाले, "आमची मंडळी आता घरूनच नोकरी करन. कॉम्प्युटरवर."
इतका राग आला! आणि राग धरावा असं त्यांनी काहीच केलेलं नाही, त्याचा आणखी राग. टेबल खरंच छान आहे.

३० डिसें., सोम.
सासूबाई ओसरीत शेंगा फोडत होत्या. मी बंगला फिरवत होते. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "चालून तं राहिलं की हे."
"हो."
"मंग तोंड कावून उतरलं तुहं?"
मी म्हटलं, "डोकं दुखते." त्यांनी शेंगांचं सूप पुढे सरकवलं. "घे, फोड. डोक्यासाठी हेच बरं." पुन्हा विचारलं नाही. त्यांना कळलं असावं. कळलं तर काय कळलं, देव जाणे.

३ जाने. २०१४, शुक्र.
नमुना गेला. गच्चीवरून पाठवता पाठवता डोंगल तीनदा बसलं. संध्याकाळी सरांचा फोन, आवडला. वरच्या खोलीची खिडकी चुकीच्या भिंतीला आहे म्हणाले, त्यावर आमचं दहा मिनिटं वाजलं. मी हरले. किती बरं वाटलं.
"आता सांग, घरून की इथे? मला दोन्ही चालेल. सोमवारी अकरा वाजता फोन करतो."
दोन्ही चालेल. आता ठरवणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

५ जाने., रवि.
संध्याकाळी ग. ना टेबलाशी बसवलं. बाणांची बटणं दाखवली, फिरा म्हटलं. आधी भिंतीवर जाऊन आदळले, मग जमलं. स्वयंपाकघरात गेले, जिना चढले, गच्चीवर गेले, लहान पोरासारखे खूश. "अवं, हे तं मस्त चालते! कधीपासून?"
"पंधरा दिस झाले."
"सांगितलं कावून नाई मंग?"
"कारन मले अकोल्याले जायाचं हाये."
त्यांनी बटणावरचं बोट काढलं नाही. स्क्रीनवर बंगल्याची भिंत पुढ्यात येऊन थांबली.
"चालते ना पन हे. मंग कायले?"
माझी सगळी कारणं लॅपटॉपची होती, ती संपली होती. उरलं तेच सांगितलं. "तिथं चार मानसं माह्या कामावर बोलतात. मले तेच पाह्यजे. तुमचं काई चुकलं नाई, टेबलाचंबी नाई."
"लोक काय म्हन्तीन?"
"म्हनू द्या."
"आन् मी?"
मी म्हटलं, "शनवारी येतो ना मी." माझं मलाच ते अपुरं वाटलं. ते उठले, "ढोरायले पानी दाखवतो" म्हणून गोठ्याकडे गेले.

६ जाने., सोम. सकाळ.
ग. चहा न घेताच वावरात गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. सासूबाईंनी न सांगता चहाची बाटली भरून माझ्यापुढे ठेवली.
सरांचा फोन अकराला. काय सांगायचं ते ठरलंय माझं, बदलणार नाही. पण फोनवर 'अकोल्याला येते' म्हणेन तेव्हा मी ग. च्या समोर उभी असेन, त्यांच्या पाठीमागे नाही. "आन् मी?" चं काहीतरी उत्तर तोवर सुचायला हवं. नाही सुचलं तर नाही सुचलं म्हणून सांगेन.
बाटली घेतली. वावरात निघते.