वरच्या खडकावरचे पाहुणे

छुगोमा,
नववा महिना, शुद्ध दशमी

चि. यांगझोम हिस, अ. उ. आ.

तुझं पत्र आणि गुलाबी गोळ्यांचं पाकीट खेचरवाल्यांनी नीट पोचवलं. गोळीशिवाय गुडघे हल्ली माझं ऐकत नाहीत. सकाळी एक घेतली की मी वरच्या खडकापर्यंत चढतो. शेजारचा अंगदू वाटेत बसून धापा टाकत असतो. ते बघून आणखी बरं वाटतं. तुझ्या छिमीला सांग, लेकी, तुझ्या औषधांच्या दुकानाला मामाचा आशीर्वाद आहे.

बाकी बातमी चांगली नाही. गेल्या पंधरवड्यात म्हातारी पाल्मो गेली. देह मातीला, पाण्याला, आगीला की पक्ष्यांना द्यायचा याचं लामाने गणित मांडलं, पक्षी निघाले. मी नेहमीसारखं पहाटे तिला वर नेलं, धूप पेटवला, सुरी घेऊन माझं काम केलं आणि मागे सरून बसलो. कोणी आलं नाही. कावळे आले, पण कावळ्यांना मी पाहुणे म्हणत नाही. दुपारी दोनचार गिधाडं उतरली आणि टोच मारून गेली. संध्याकाळी उरलेलं गोळा करून जाळावं लागलं. पाल्मोच्या मुलाने त्यासाठी छपरावर रचलेली लाकडं दिली. त्याची बायको म्हणाली, सासूबाई जन्मभर कोणाला गोड लागल्या नाहीत, गिधाडांना कुठून लागणार. लोक हसले. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी या गावाच्या वतीने वाढतो आहे. ताट असं परत आलं नव्हतं.

मग माणूस स्वतःचा विचार करतो. मला मातीत जायचं नाही, मी बटाटा नाही. नदीचं नाव तर काढूच नकोस. लहानपणी आईने एकदा बुचकळलं, तेव्हापासून पाण्याचा आणि माझा अबोला आहे. मला वरच जायचं आहे.

म्हणून पाहुण्यांना पुन्हा सवय लावतो आहे. गावात जनावर मेलं की ते खडकावर नेतो. मागे अंगदूचं म्हातारं खेचर गेलं. त्याने जोमसोमहून सुई आणून टोचली होती, तरी गेलं. मी आणि जावई नीमाने ते ओढत वर नेलं. नीमा वाटभर तोंड फिरवून चालत होता, पण चालला. मोठी गिधाडं उतरली, पोटभर जेवली. मला फार बरं वाटलं. काही दिवसांनी त्यांतली दोन खडकाखाली मेलेली सापडली. माना खाली टाकलेल्या, दमून बसल्यासारखी. अंगदू म्हणतो हा माझा पायगुण. मी म्हणतो, त्याच्या खेचराचा स्वभावच तसा होता.

वाटा बंद होण्याआधी लिही. माया आहे तेवढी पत्रात घालून पाठव, तिला ओझं लागत नाही.

कुंगा

---

बौद्ध, काठमांडू,
दहावा महिना, वद्य द्वितीया

ती. दादास सा. न. वि. वि.

नदीची गोष्ट तू अर्धीच सांगतोस. तुझ्या अंगाला मेंढ्यांचा वास इतका येत होता की आईने बुचकळलं, आणि मग मेंढ्याच तुला ओळखेनात. बाकी पाल्मोच्या सुनेला माझा नमस्कार सांग. तिचं तोंड बघावंसं वाटतं.

तुझं पत्र छिमीने मोठ्याने वाचून दाखवलं. खेचरापाशी आली आणि थांबली. कसली सुई होती ते तिने खेचरवाल्यांना विचारून घेतलं. दुखणं मारणारी सुई होती. ती टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. माना टाकतात आणि मरतात. खाली तराईत अशीच गेली म्हणे, आभाळंच्या आभाळं रिकामी झाली. तेव्हा तो तुझा पायगुण नव्हे आणि खेचराचा स्वभावही नव्हे. तू प्रेमाने वाढलंस, तुला काय ठाऊक. सुई टोचलेलं जनावर यापुढे वर नेऊ नकोस, पुरून टाक. अंगदूलाही सांग.

इथवर लिहून मी चहा टाकायला उठले. छिमी म्हणाली, पुढचं लिहू नकोस, मामा हट्टी आहेत. पण एकदा तुझ्या वाटचं वाळकं चीज, ती छुर्पी, चोरून खाल्ली ते सोडलं, तर मी तुझ्यापासून काही लपवलेलं नाही. दादा, तुझ्या गुलाबी गोळ्यांत तेच औषध आहे.

आता पूर्ण वाच, मग उठ. गोळी सोडायची नाही. छिमी म्हणते, काही दिवस घेतली नाही की ती अंगातून निघून जाते. तुला अजून पुष्कळ जगायचं आहे आणि ते चालत जगायचं आहे. गिधाडांचं नंतर बघू. तुझ्या रागाला मी भीत नाही, तुझ्या हट्टाला भिते.

माया आहेच. उत्तर मात्र शहाण्यासारखं यावं.

यांगझोम

---

छुगोमा,
अकरावा महिना, शुद्ध तृतीया

चि. यांगझोम हिस, अ. उ. आ.

गोळ्या सोडल्या.

छिमी म्हणते, काही दिवस आधी थांबवली तरी पुरे. मग तिने मरणालाही चिठ्ठी लिहावी, की मामांना काही दिवस आधी कळवून या. माझ्याकडे तर ते न सांगताच येईल, आमच्याकडचे सगळेच तसे येतात. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची ताटं वाढली. शेवटी स्वतःचं ताट विष कालवून वाढू? तूच सांग.

गावात बैठक झाली. मुखियासमोर मी सगळं मांडलं. अंगदू उठला आणि म्हणाला, म्हणजे जनावराने दुखणं सोसत मरायचं का. प्रश्न बरोबर होता, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मला बघा. ते खेचर आता मी आहे." गरम दगड, लोणी, मिठाची पोटली, जे मला चालेल ते जनावराला चालेल असं ठरलं. सुई टोचलीच, तर ते जनावर मातीत.

दुसऱ्या दिवशी उंबरठ्यावर गोळ्यांची पाकिटं पडलेली. पांढरी, पिवळी, गुलाबी. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी आणून टाकली होती. मला वाटायचं, गोळी खाऊन तरुण असल्याचं सोंग करणारा मी एकटाच. सगळ्यांत मोठं पाकीट अंगदूचं. आणि तो तरीही वाटेत धापा टाकत होता.

रात्र जरा लांब वाटते, एवढंच. ल्हाझोम गुडघ्यांशी गरम दगड ठेवते. लेक आहे म्हणून बापाच्या शिव्या ऐकून घेते.

रागावली असशील. राग निवला की लिही, मी वाट बघतो.

कुंगा

---

बौद्ध,
पहिला महिना, शुद्ध एकादशी

ती. दादास सा. न. वि. वि.

नवीन वर्ष सुखाचं जावो. राग अजून निवलेला नाही, पण पत्र न्यायला माणूस मिळाला म्हणून लिहिते.

तुझं पत्र वाचून मी रडले. मग अंगदूच्या पाकिटापाशी हसले. मग हसले म्हणून चिडले. छिमी म्हणते, आई, एक काहीतरी ठरव.

सोबत गुडघ्यांच्या पट्ट्या विणून पाठवते आहे. लाल लोकर संपली म्हणून दुसरी निळी झाली. गिधाडं रंग बघत नसावीत. छिमीने पांढऱ्या गोळ्याही दिल्या आहेत, त्यांत ते औषध नाही असं ती शपथेवर सांगते. त्या घेऊन बघ.

आणि एक म्हणणं आहे. इकडे ये. इथे चढ नाही, दवाखाना गल्लीत आहे, सकाळी उन्हात स्तूपाला प्रदक्षिणा घालता येते. शेवटी जाळतात हे खरं, पण तोवर माणूस उबेत असतो. मी इथे कितीतरी वर्षं राहिले, माझं काय वाईट झालं? तूही ये. मला तुझं दुखणं पत्रातून वाचायचं नाही.

लहान आहे म्हणून नाही, भावंडांत एकटी उरेन म्हणून विनवते.

यांगझोम

---

छुगोमा,
तिसरा महिना, वद्य पंचमी

चि. यांगझोम हिस, अ. उ. आ.

पट्ट्या घातल्या आहेत. गावातली पोरं मला आता लाल-निळा आजोबा म्हणतात. पांढऱ्या गोळ्यांनी गुडघ्याला काही होत नाही, पोटाला होतं. त्या अंगदूला दिल्या. त्याचं पोट असल्या गोष्टींना दाद देत नाही.

तिकडे यायचं जमणार नाही. का ते लिहितो. बर्फ वितळताना मुखियाचा याक कड्यावरून पडून मेला. त्याला सुई नाही, काही नाही. आम्ही तो वर नेला, धूप केला, मागे सरलो. आधी एक आलं. मग कड्यामागून येत राहिली, मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी ते लाल दाढीचं हाडखाऊ गिधाड आलं, मी किती वर्षांत त्याला पाहिलं नव्हतं. मांडीचं हाड उंच नेऊन दगडावर टाकलं, फोडलं आणि गिळलं. मी म्हातारा माणूस, पण तिथे टाळ्या वाजवल्या.

नीमा आता तोंड फिरवत नाही. हात चांगला आहे त्याचा. हाडं कुटून सातूच्या पिठात कशी मळायची तेही आलं. गावात तोच सांगत फिरतो, सासऱ्याचे तुकडे करायची परवानगी ज्याला खुद्द सासऱ्यानेच दिली असा जावई दुसरा दाखवा.

दम पुरत नाही हल्ली. खडक आता छपरावरूनच बघतो. उन्हाळ्याआधी ये. मला बघायला नको, पाहुणे बघायला ये.

एकटी उरशील म्हणतेस. इथे घर आहे, हे विसरू नकोस.

कुंगा

---

छुगोमा,
पाचवा महिना, शुद्ध अष्टमी

चि. छिमी हिस, अ. उ. आ.

मी सुखरूप पोचले ते मागे कळवलंच. मामा गेले ही बातमी तुला खेचरवाल्यांकडून कळली असेल. आता नीट सांगते.

मी आले तेव्हा ते छपरावर बसले होते. मला बघून पहिलं वाक्य म्हणजे, जाडी झालीस. मग रोज आम्ही दोघं तिथेच बसायचो. माझ्या चहात मीठ कमी असतं म्हणून भांडायचे आणि पुन्हा पेला पुढे करायचे. दुखायचं त्यांना. मी बघितलं की खडकाकडे बोट दाखवायचे, म्हणजे मी तिकडे बघावं.

त्या दुपारी टोपी तोंडावर घेऊन झोपले. अंगदू आला, नेहमीसारखा त्यांना टोमणा मारला आणि उत्तर आलं नाही म्हणून त्यालाच आधी कळलं. तो तिथेच बसून राहिला.

लामा गणित मांडायला बसले. अंगदू त्यांच्याकडे असा बघत होता, की नदी निघाली असती तर लामाच नदीत गेले असते. पक्षी निघाले.

बायका वर जात नाहीत. मी छपरावरून पाहिलं. धूर सरळ वर गेला. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. ल्हाझोमने माझा हात धरला होता की मी तिचा, आठवत नाही. मग कड्यामागून एक आलं. मग त्याच्यामागे आभाळ काळं झालं. तुझे मामा असते तर ओरडले असते, एकेक जण या, घाई करू नका.

उन्हं उतरल्यावर नीमा खाली आला. धुतलेल्या पट्ट्या घडी करून त्याने माझ्यासमोर ठेवल्या, लाल आणि निळी. वर काय उरलं म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही, आत्या. गुडघेसुद्धा नाहीत."

सगळं गाव हसलं. मीही हसले.

त्यांच्या खोलीत झोपते आता. थंडीने माझेही गुडघे धरतात. मला परत न्यायला येऊ नकोस, भेटायला ये. आणि पुढच्या खेचरांबरोबर माझ्या गोळ्यांचं पाकीट धाडणार होतीस, ते धाडू नकोस. लोकर धाड. लाल मिळाली तर दोन्ही पट्ट्या एका रंगाच्या होतील.

तुला दूर ठेवून इथे राहते, म्हणून माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझी आई