प्रिस्काच्या टोस्टचा ग्लास

बोळिंज, ९ मे २०२५

प्रिय उर्सुला,

रविवार, २७ एप्रिल, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. उमेळ्यात, तुझ्याच अंगणातल्या मांडवाखाली, साऱ्या नातेवाइकांसमोर तू जे केलंस त्याची वेळ मी डायरीत लिहून ठेवली आहे. बारा दिवस झाले, माझा राग उतरलेला नाही. फोनवर विषय काढला की तू चिकूंच्या गप्पा काढतेस, म्हणून हे पत्र.

आधी नातीची बातमी. प्रिस्काचं सलाइन दोन दिवसांत निघालं, पण पोट अजून ठिकाणावर नाही. दोन वर्षांत महत्प्रयासाने चढलेलं वजन आठवड्यात उतरलं. आठ वर्षांची पोर भिंतीकडे तोंड करून पडून असते. गेल्या शनिवारी मात्र उठली आणि पिशवी घेऊन दाराशी बसली. तुझ्याकडे यायचा दिवस ना तो! ॲंजेलाने पिशवी काढून घेतली. मर्विनने सांगितलं, उर्सुलाआजीकडे आता जायचं नाही. पोरीने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वालाच्या शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

तुला आठवतं, डॉक्टरीणबाईंनी गहू बंद केला तेव्हा आपला भाऊ स्टॅनी काय म्हणाला होता? गव्हाने कुणी आजारी पडतं का, हे सगळे फ्लॅटवाल्यांचे चोचले. तू मात्र कुणाशी वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवसापासून घरात पाव आणणं बंद केलंस. या वयात, तेही तू, जिची सकाळ पावाशिवाय होत नव्हती! तिचा वेगळा तवा, वेगळा डबा, तांदळाच्या रोट्या. आणि मी? मी सगळ्यांना शिकवत फिरले. बाई म्हणाल्या होत्या की साधा कोला, लिंबाचा सोडा यांत सहसा गव्हा-जवातलं ते ग्लुटेन नसतं, पण प्रत्येक बाटली उलटून वाचायची. माल्ट लिहिलेलं असेल तर तो बहुधा जवाचा, तो तिला चालायचा नाही. यातलं पहिलं अर्धं मी पाठ केलं. थंड पेयात कुठून आलं पीठ, असं मी ठसक्यात विचारायची आणि सगळे माना डोलवायचे. कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला ठसका तेवढा शिकवला.

त्या दिवशी चर्चमध्ये तिच्या पहिल्या कम्युनियनला मी पुढच्या बाकावर होते. बाकीच्या मुलांना ओस्ती, ती पवित्र भाकरीची चकती, मिळाली. ती गव्हाची, म्हणून फादरांनी प्रिस्काला वेगळ्या चषकातून वाइनचा एक घोट दिला. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, सगळ्यांना मिळालं ते मला नाही, मग माझं अर्धंच झालं का गं? तेव्हाच मी ठरवलं, निदान मांडवात सगळे तिच्या नावाने ग्लास उंचावतील त्या टोस्टच्या वेळी तरी तिच्या हातात सगळ्यांसारखा ग्लास असेल, सगळ्यांसारखं लालसर काहीतरी असेल.

त्या लालसर पेयाची बाटली मी उघडली, उर्सुला. तुझ्या स्वयंपाकघरात, एकटीने. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, अल्कोहोल शून्य टक्के. तेवढं वाचून मी खूश. विमा कचेरीत एकतीस वर्षं लोकांना बारीक अक्षरं वाचा म्हणून झापणारी मी, बाटली उलटी केली नाही. पोरांसाठी पाच ग्लास भरले, तू ट्रे घेऊन बाहेर गेलीस. स्टॅनीने टोस्ट उठवला, पोरीने एका दमात ग्लास संपवला. तीन वाजता ती ओकायला लागली. ओकणं थांबेना, तेव्हा ॲंजेलाने रिकामी बाटली उलटून मागचं माल्ट वाचलं आणि कुणी दिलं म्हणून किंचाळली. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, मीच दिलं. मर्विनने सगळ्यांदेखत विचारलं, मावशी, तुला वाचता येत नाही का? तू मान खाली घातलीस. आणि मी तोंड मिटलं.

कशासाठी केलंस ते मला कळतं. मला याच घरात राहायचंय, सुनेच्या हातचं जेवायचंय, म्हणून. कुणी सांगितलं होतं तुला? तुझ्याकडे शनिवारशिवाय दुसरं होतं काय, की तोही देऊन टाकलास? काल मी मर्विनला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, आई, बहिणीला पाठीशी घालू नकोस, ट्रे तिच्या हातात आम्ही पाहिलाय. जन्मभर माझं प्रत्येक म्हणणं घरात चाललं, आणि हे एकच चालत नाही. तेव्हा तुझ्या हातचं लिहिलेलं मला हवं आहे: ते पेय इनेझने ओतलं, मला ठाऊक नव्हतं. खाली तारीख आणि सही. शनिवार, १७ मे, संध्याकाळी सहाच्या आत बोळिंजला पोचलं पाहिजे. फोन चालणार नाही. प्रिस्का रोज विचारते, उर्सुलाआजी माझ्यावर रागावली आहे का, आणि तिला काय सांगायचं ते त्या कागदाशिवाय मला सांगता येत नाही.

तुझीच,
इनेझ