व्याह्यांना वाढलेले दोन मेंढे

प्रिय नुरगाझी,

तुझ्या बायकोने, सइराने, पाठवलेला तुमच्या नातीचा फोटो धाकट्या सुनेने मला मोठा करून दाखवला. पोरगी थेट पणजोबांवर गेली आहे, रे. तेच रुंद कपाळ, आणि झोपेतसुद्धा कुणावर तरी रुसल्यासारखे ओठ. तुझा बाप पाळण्यात असाच दिसायचा, तेव्हा मी त्याला झोके देत असे. पाळण्याच्या जेवणाचं आमंत्रणही मिळालं. त्याच हॉलमध्ये ठरवलंयस म्हणे, जिथे तुझ्या मुलाचं लग्न झालं. ‘आबा, आशीर्वाद तुम्हीच द्यायचा, तुमच्याशिवाय पाळणा हलणार नाही,’ असं तू लिहिलंस. वाचून आधी बरं वाटलं. मग हे पत्र लिहायला बसलो. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण फोनचा मी हल्ली धसका घेतला आहे.

इकडचं ठीक. मेंढरं कुरणावरून खाली आली. उतरताना दर वर्षीसारखे पुलाजवळ दोन कळप एकमेकांत मिसळले आणि निम्मा दिवस कानांवरच्या खुणा बघण्यात गेला. तेव्हा तुझीच आठवण आली. तू शाळेत जायला लागला होतास. आपल्या कळपात दुसऱ्याचं एक कोकरू आलं होतं, त्याच्या कानावर अजून खूण नव्हती. मी म्हटलं, राहू दे, कुणाच्या लक्षात येतंय. तू मात्र हट्टाने ते खांद्यावर टाकून नदीपलीकडे पोचवून आलास, गुडघ्यापर्यंत भिजून. मी वरवर रागावलो आणि आत जाऊन तुझ्या काकूला म्हणालो, या पोराने आपल्याला जिंकलं. बापाविना वाढलेलं पोर असं निघालं याचा केवढा तोरा होता मला. ती गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल. आता सांगत नाही.

लग्नाचा दिवस तुला आठवत असेलच. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे जेवणासाठी कापायची घोडी आणि मेंढे तू घरूनच नेले होतेस, हॉलवाल्यांनी फक्त शिजवायचे. पंगत बसली आणि मुलीकडची माणसं ठरल्यापेक्षा एक गाडीभर जास्त आली. व्याह्यांच्या ताटात मानाचं हाड कमी पडलं तर सात पिढ्या ऐकावं लागतं. तू घामाघूम होऊन स्वयंपाकघराकडे धावलास. मी दारातच उभा होतो. तिथली बुरुलचा, वाढप्यांची मुख्य, तिला तू म्हणालास, ‘ताई, आज माझी अब्रू वाचव.’ ती हसून म्हणाली, ‘व्याही जेवून उठले की मग घाबर, आत्ता बाजूला हो.’ हॉलच्या साठ्यातले दोन मेंढे तिने आकड्यावरून उतरवले, मालकाला विचारायलाही थांबली नाही. त्यातलाच कमरेचा मानाचा वाटा माझ्यासमोर आला. मी खाल्ला, आणि सगळं हलाल, हक्काचं होवो म्हणून दोन्ही हात उघडून आशीर्वाद दिला.

मांस घरचंच असतं म्हणून त्यांच्या बिलात मांसाची ओळच नसते. टेबलं, पाव, चहा, शिजवणावळ, संपलं. त्या धांदलीत बुरुलचाचं गल्ल्यावर सांगायचं राहून गेलं. तू बिल वाचलंस, पुन्हा वाचलंस, पैसे भरलेस. गाडीत बसल्यावर म्हणालास, ‘आबा, हॉलवाल्यांनी नवरीला दोन मेंढ्यांचा आहेर केला.’ सइरा हसली. मी म्हटलं, गाडी फिरव. तू म्हणालास, ‘चूक त्यांची आहे. मी कुठे चोरलंय? आणि तो हॉलचा मालक केल्दिबेक काय उपाशी मरतोय? बरं, उद्या फोन करतो.’ दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर ‘हो आबा, झालं ते.’ मी विश्वास ठेवला. नदीपलीकडे कोकरू पोचवणाऱ्यावर कोण ठेवणार नाही?

गेल्या महिन्यात बुरुलचा मला बाजारात दिसली. थंडीत रस्त्याच्या कडेला दुसऱ्यांचे लोकरी मोजे विकत बसली होती. मी थट्टेत म्हटलं, ‘काय गं, हॉलवर रुसलीस?’ तर तिने मान वळवली. शेजारची बाई हळूच म्हणाली, ‘आबा, तिला मांस घरी नेताना धरलं म्हणतात.’ कुणी धरलं नव्हतं रे. साठ्यात दोन मेंढे कमी निघाले, एवढंच. ती सांगत होती की लग्नात वाढले, लिहायचं राहिलं. केल्दिबेक म्हणाला, ‘एवढा मोठा माणूस दोन मेंढ्यांसाठी गप्प बसेल होय? काहीतरी पटेल असं सांग.’ तुझ्या मोठेपणानेच तिला चोर ठरवलं, नुरगाझी. पगारही कापला आणि कामावरूनही काढलं. गावात आता तिला कुणी भांडीसुद्धा घासायला बोलवत नाही. ‘नुरगाझी बिचारा घाईत असेल, त्याच्या लक्षात आलं नसेल,’ असं तीच मला म्हणाली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

मी माझ्या कळपातले दोन मेंढे घेऊन केल्दिबेककडे गेलो. तो म्हणाला, ‘आबा, तुम्ही तिच्यासाठी का भरताय? भरपाई आली म्हणजे चोरी झालीच की.’ तेव्हा मी त्याला सगळं खरं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, ‘थांबा, तुमच्या पुतण्यालाच विचारू.’

आता मी हे पत्र का लिहितोय ते ऐक. त्याने तुला फोन लावला तेव्हा मी त्याच्यासमोरच बसलो होतो, आणि मला ऐकू यावं म्हणून त्याने आवाज मोठा केला होता. तू म्हणालास, ‘मी पै न् पै भरली आहे.’ मी तेव्हाच तिथून उठलो असतो तरी बरं झालं असतं. तू पुढे म्हणालास, ‘आमचे आबा आता म्हातारे झाले, त्यांचं मनावर घेऊ नका, त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं.’ केल्दिबेकने मान खाली घातली आणि मला चहा ओतला. मी तो प्यायलो नाही. मेंढे हाकत घरी आलो. पाळण्यासाठी एखादा शहाणा म्हातारा शोध, ज्याचं डोकं ठिकाणावर आहे. माझाच आशीर्वाद हवा असेल, तर आधी त्या हॉलच्या स्वयंपाकघरात जा, बुरुलचाला हाताला धरून आत ने, आणि सगळ्यांसमोर तुझ्या तोंडाने सांग. त्या दिवशी मी बर्फातून चालत येईन. तोवर माझे हात मिटलेले राहतील, आणि त्या पोरीचा फोटो उशाशी राहील.

तुझाच,
इमानकुल आबा